व्हीएनएस आणि टीएमएस: दोन्हींत करंट, दोन्हींत चुंबक, तरी उपचार वेगळे

डिप्रेशनच्या गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाला, समुपदेशनाला जाऊन झालं, तरी माणूस सकाळी अंथरुणातून उठायला तयार नाही. अशा वेळी नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टर 'न्यूरोस्टिम्युलेशन'चा, म्हणजे विजेने किंवा चुंबकाने मेंदूला चालना देण्याचा, विषय काढतात. घरी पोचेपर्यंत त्याच्या चार गोष्टी झालेल्या असतात. भाऊ म्हणतो, छातीत मशीन बसवणार आहेत. वहिनी म्हणते, छे, डोक्याला चुंबक लावतात आणि अर्ध्या तासात सोडतात. गोंदियाहून आत्याचा फोन येतो, "शॉक देतेत का जी त्याले?" ज्या शहरात पत्ता सांगताना 'पागलखाना चौक' असं सहज म्हटलं जातं, तिथे घरातल्या माणसाच्या बाबतीत हे प्रश्न मोठ्याने विचारायला जीभ रेटत नाही, आणि गोंधळ तसाच राहतो.

भाऊ आणि वहिनी, दोघंही बरोबर असू शकतात. ते दोन वेगळ्या उपचारांबद्दल बोलताहेत. छातीतलं यंत्र म्हणजे व्हीएनएस, वेगस नर्व्ह स्टिम्युलेशन. डोक्यावरचं चुंबक म्हणजे टीएमएस, ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. आत्या विचारते ती तिसरीच गोष्ट, ईसीटी. तिच्यात भूल देऊन मेंदूत विजेने मुद्दाम एक नियंत्रित झटका, म्हणजे फिट, आणतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. ईसीटी बदनाम असली तरी रुग्णाने खाणंपिणं सोडलंय, जीव द्यायची भाषा चाललीय अशा वेळी तिच्याइतका जोर आज ना व्हीएनएसमध्ये आहे ना टीएमएसमध्ये. घरात अशी परिस्थिती असेल तर हे दोन्ही उपचार बाजूला ठेवा, रुग्णाला एकटं सोडू नका आणि थेट मेडिकल, मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांची किंवा जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास असते.

आता टीएमएस. मागचं विज्ञान शाळेतलंच आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज तयार होते, हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा वरचा थर. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, धरून समोरच्याच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले. डिप्रेशनसाठी पहिल्या यंत्राला एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, 2008 मध्ये मंजुरी दिली.

रुग्ण दातांच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीत बसतो. कानातले, केसांच्या पिना, चष्मा काढून ठेवायचा आणि कानात बोळे घालायचे, कारण यंत्राची टकटक मोठी असते. पहिल्या दिवशी तंत्रज्ञ आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला इंचइंच सरकवत राहतो, आणि एका जागी उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो. आपण हलवलेला नसतो, तरी उडतो. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस हमखास हाताकडे बघत बसतो. अंगठा उडायला जेवढी ताकद लागली ती त्या माणसाची पातळी, आणि उपचार बहुधा तिच्या 120 टक्क्यांवर देतात. मग कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या वरच्या भागावर आणतात. डिप्रेशनमध्ये मेंदूचा हा भाग मंदावलेला आढळतो, आणि भावनांशी निगडित आतल्या केंद्रांशी त्याचे धागे जुळलेले असतात. चुंबकाचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरच आत पोचतो, बाकीचं काम हे धागे करतात.

नेहमीच्या पद्धतीत चार सेकंद ठोके आणि 26 सेकंद विश्रांती, असे साडेसदतीस मिनिटांत 3000 ठोके पडतात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. थीटा बर्स्ट नावाच्या नव्या पद्धतीत हेच काम तीनेक मिनिटांत होतं. कॅनडात 414 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. भूल नाही, चिरफाड नाही, सेशन झालं की माणूस स्वतः गाडी चालवत घरी. तक्रारी बहुतेक डोकेदुखीच्या आणि कॉइलखालची कातडी दुखल्याच्या. फिट येण्याचा धोका असतो, पण तो हजारात एकाहून कमी. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आत बसवलेलं यंत्र) असेल तर मात्र टीएमएस नाही.

व्हीएनएसमध्ये डोक्याला हातच लावत नाहीत. वेगस ही मेंदूच्या देठातून निघून गळ्यातून हृदय, फुप्फुसं, पोट असा लांबचा प्रवास करणारी नस. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू खालची खबर वर मेंदूकडे नेतात. म्हणजे गळ्यातून मेंदूपर्यंत जायला रस्ता आयता आहे. त्या रस्त्याने वर गेलेला संदेश नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही मनःस्थितीशी जोडलेली रसायनं तयार करणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचतो. मुळात हा उपचार फिटच्या आजारासाठी आला. माणसात पहिलं यंत्र 1988 मध्ये बसलं, एपिलेप्सीसाठी मंजुरी 1997 मध्ये मिळाली. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्णांच्या फिट फारशा कमी न होताही मन मात्र उजळतंय. तिथून डिप्रेशनचा विचार सुरू झाला आणि 2005 मध्ये एफडीएने मंजुरी दिली. अट कडक होती: वय 18 च्या पुढे आणि किमान चार उपचार नीट देऊनही गुण नाही.

भूल देऊन डाव्या हसळीच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवतात आणि कातडीखालून तार नेऊन डाव्या वेगसला गुंडाळतात. डावीच, कारण उजवीचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध. साधारण दोन आठवड्यांनी यंत्र सुरू करून करंट हळूहळू वाढवतात. मग ते 30 सेकंद चालू, पाच मिनिटं बंद, असं दिवसरात्र चालतं. त्या 30 सेकंदांत अनेकांचा आवाज घोगरा होतो. फोनवर बोलता बोलता आवाज एकदम बसतो, पलीकडचा विचारतो, "काऊन, सर्दी झाली का?", आणि अर्ध्या मिनिटात पूर्ववत. खोकला किंवा दम लागल्यासारखं होणं हेही असतं. ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे त्यांनी तो आधीच सांगायला हवा, तो वाढू शकतो.

गोंधळाचं एक खरं कारण इथे आहे. व्हीएनएसच्या रुग्णालाही हातात एक चुंबक मिळतं. ते उपचारासाठी नसतं. ते छातीवर धरून ठेवलं की यंत्र तेवढा वेळ थांबतं. भजन म्हणायचंय, वर्गात तास घ्यायचाय, तेव्हा उपयोगी. टीएमएसमध्ये चुंबक हाच उपचार आहे, व्हीएनएसमध्ये चुंबक हा उपचार थांबवायचं बटण आहे. शेजारच्या काकूंनी ते चुंबक पाहिलेलं असतं, पण छातीतलं यंत्र पाहिलेलं नसतं.

खरा फरक काळाचा आहे, आणि घरची गणितं त्यावरच ठरतात. टीएमएसचा एक कोर्स असतो. सहा आठवड्यांत बहुधा कळतं की उपयोग होतोय की नाही. आजार उलटला तर पुन्हा कोर्स द्यावा लागतो. व्हीएनएसला महिने लागतात, कधी वर्ष. ऑपरेशनच्या दुसऱ्या महिन्यात "काहीच फरक नाही" म्हणून निराश होणाऱ्या घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसतं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक.

म्हणून वर्ध्याचा, यवतमाळचा, बालाघाटचा रुग्ण असेल तर प्रश्न वेगळे होतात. टीएमएससाठी आठवड्यातून पाच दिवस नागपूर. गोंदियाहून रोज अपडाऊन करायची ताकद डिप्रेशनमधल्या माणसात कुठून येणार? नातेवाइकांकडे महिना-दीड महिना मुक्काम, सोबत एकाची रजा, आणि मे महिना असेल तर दुपारी दोनची वेळ घेऊच नका. सकाळचीच मागा. व्हीएनएसमध्ये एक ऑपरेशन, सुरुवातीला करंट जुळवायला काही फेऱ्या, पुढे अंतराने तपासणी. फेऱ्या कमी, पण खर्च एकदम: यंत्राचीच किंमत लाखांत जाते आणि काही वर्षांनी बॅटरी संपली की छोटं ऑपरेशन पुन्हा. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असं 2017 चा कायदा सांगतो. पण टीएमएसमध्ये भरती होणंच नसल्याने क्लेम अडू शकतो. कोर्स सुरू करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी घ्या.

उपयोग किती? टीएमएसच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 190 रुग्णांच्या चाचणीत खऱ्या यंत्रावर सुमारे 14 टक्के लोक पूर्ण बरे झाले, खोट्या यंत्रावर पाच टक्के. दवाखान्यांतल्या रोजच्या वापरातले आकडे याहून बरेच चांगले दिसतात, पण तिथे खोट्या यंत्राशी तुलना नसते. व्हीएनएसची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. पहिल्या दहा आठवड्यांच्या चाचणीत चालू यंत्रावर 15 टक्क्यांना गुण आला (पूर्ण बरं होणं नव्हे) आणि बंद ठेवलेल्या यंत्रावर 10 टक्क्यांना, म्हणजे ठोस फरक नाही. तरी लांबच्या निरीक्षणांवर मंजुरी मिळाली आणि त्यावर वादही झाला. 2017 मध्ये 795 रुग्णांची पाच वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली: यंत्र असलेल्यांपैकी 67.6 टक्क्यांना कधी ना कधी गुण आला, नसलेल्यांपैकी 40.9 टक्क्यांना. पण कुणाला यंत्र मिळावं हे तिथे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. पुढे अमेरिकेत सुमारे 500 रुग्णांना यंत्र बसवून निम्म्यांचं वर्षभर बंद ठेवलं. मुख्य मोजमापात दोन्ही गटांत फरक निघाला नाही, कारण बंद यंत्रवालेही बऱ्यापैकी सुधारले. काही दुय्यम मोजमापं मात्र चालू यंत्राच्या बाजूने गेली. माझं मत विचाराल तर व्हीएनएस खोटं नाही, पण "हमखास" म्हणून ते विकणाऱ्याकडून उठून यावं.

उठून येण्याआधी आणखी एक तपासा: आजार खरंच औषधांना दाद देत नाही का? दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसने, सहा-आठ आठवडे नियमित घेऊनही फरक नाही, तर तो शिक्का बसतो. पंधरा दिवसांत "झोप येते" म्हणून गोळी सोडली असेल तर ती मोजायची नाही. थायरॉईड, दारू, न ओळखलेला बायपोलर (मन कधी खूप खाली, कधी खूप वर जाण्याचा आजार), हेही आधी बघावं लागतं.

आणि ते रील्स. "बर्फाच्या पाण्यात तोंड घाला, वेगस नर्व्ह जागी होते." भ्रामरी करा, बरं वाटत असेल तर रोज करा. पण त्याचा आणि या उपचाराचा संबंध नाव एक असण्यापुरताच. वेगसच्या नावाने ऑनलाइन मिळणाऱ्या कानाच्या क्लिपांवर संशोधन चालू आहे, पण तेवढ्याने त्या 2005 ची मंजुरी मिळालेलं यंत्र ठरत नाहीत.

क्रम लावायचा तर बहुतेक ठिकाणी टीएमएस आधी येतं, कारण त्यात काही कापायचं नसतं आणि नको वाटलं तर उद्यापासून बंद करता येतं. व्हीएनएसही डॉक्टरकडच्या प्रोग्रामर यंत्राने बाहेरूनच बंद करता येतं, पण यंत्र आतच राहतं, आणि काढायचं ठरलं तरी नसेभोवतीची तार पूर्ण निघेलच असं नाही. छातीत ते असेपर्यंत एमआरआयच्या आधी सांगावं लागतं. गुडघा दुखतोय म्हणून कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपीला गेलात तर तिथेही: डायथर्मीचा (विद्युत लहरींनी आतपर्यंत दिला जाणारा) शेक शरीरावर कुठेही घ्यायचा नाही, कारण तार तापून नसेला इजा होऊ शकते. यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवा आणि खाटेवर झोपण्याआधी फिजिओला दाखवा.