द कम्पॅशनेट फ्रेंड्स

अपत्याचा मृत्यू झालेल्या आईवडिलांनी समदुःखी आईवडिलांसाठी चालविलेली स्वयंसेवी संघटना. स्थापना इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे, 1969. संघटनेच्या शाखांची धुरा स्वतःचे मूल गमावलेल्या स्वयंसेवकांकडे असते. शोकसहाय्याच्या इतिहासात तिला जे स्थान आहे, ते मुख्यतः याच कारणामुळे. मुलाच्या वयाची वा मृत्यूच्या कारणाची अट नाही. जन्मतःच दगावलेल्या बाळाची आई आणि चाळिशीतला मुलगा गेलेले वृद्ध वडील एकाच बैठकीत शेजारी बसलेले असू शकतात. भावंडे व आजी-आजोबा यांनाही पुढे सामावून घेण्यात आले. संघटना कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेली नाही.

पार्श्वभूमी : शोकग्रस्तांनी एकमेकांना आधार देण्याची रीत जुनीच, तिला संस्थेचे रूप मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. मार्गारेट टोरी यांनी 1959 मध्ये लंडनजवळील रिचमंड येथे विधवांसाठी ‘क्रूझ’ ही संस्था सुरू केली. बायबलच्या जुन्या करारातील विधवेच्या घरची तेलाची कुपी कधी रिकामी होत नाही, त्या कुपीवरून हे नाव आले. बोस्टनमध्ये 1967 च्या सुमारास फिलिस सिल्व्हरमन यांनी विधवांनीच नव्याने विधवा झालेल्या स्त्रियांच्या घरी जाऊन भेटण्याचा उपक्रम उभारला. त्यामुळे शोकग्रस्ताने शोकग्रस्ताला मदत करण्याच्या संघटित पद्धतीचा पहिला मान कॉव्हेंट्रीला देता येत नाही. मात्र बोस्टनचा उपक्रम हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातील संशोधनातून आखला गेला होता, तर कॉव्हेंट्रीचा गट दोन घरांच्या ओळखीतून वाढला. हा फरक लहान नाही. पुढे नेतृत्व कोणाकडे राहिले, याचे उत्तर त्यात आहे.

उगम : कॉव्हेंट्री अँड वॉरिकशर रुग्णालयात मे 1968 मध्ये दोन मुलगे शेवटच्या अवस्थेत होते : रस्त्यावरील अपघातात सापडलेला केनेथ लॉली आणि कर्करोगाने आजारी असलेला बिली हेंडरसन. थोड्याच दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. रुग्णालयातील तरुण सहायक धर्मगुरू सायमन स्टीव्हन्स दोन्ही कुटुंबांना भेटत असत. जो व आयरिस लॉली यांनी बिलीच्या आईवडिलांना, बिल व जोन हेंडरसन यांना, फुले पाठविली. पुढे ही दोन जोडपी चहाला एकत्र बसली आणि भेटत राहिली. मुलांविषयी मोकळेपणी बोलता येईल अशी जागा दोघांनाही दुसऱ्याच्या घरी सापडली. आपल्याला जे साधत नव्हते ते ही माणसे एकमेकांसाठी करीत आहेत, हे स्टीव्हन्स यांच्या लक्षात आले. शहरातील इतर शोकग्रस्त पालकांपर्यंत जाण्याचे ठरले आणि जानेवारी 1969 मध्ये रुग्णालयातच झालेल्या छोट्या बैठकीत संस्थेला आकार आला.

स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी 1968, तर बहुतेक ठिकाणी 1969 असे दिले जाते. पहिले वर्ष मुलांच्या मृत्यूचे व दोन कुटुंबांच्या भेटीचे, दुसरे संस्थेच्या बैठकीचे. संस्थेची स्थापना म्हणून 1969 हेच ग्राह्य धरणे योग्य. संस्थापक कोण, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अमेरिकेतील परंपरेत संस्थापक म्हणून प्रामुख्याने स्टीव्हन्स यांचे नाव घेतले जाते. ब्रिटनमध्ये लॉली व हेंडरसन दांपत्यांना बरोबरीचे स्थान मिळते. दुसरे मत घटनाक्रमाशी अधिक जुळते. स्टीव्हन्स यांनी गाठ घालून दिली, नंतर प्रवास व व्याख्याने करून कल्पना दूरवर नेली, आणि हे श्रेय मोठेच आहे. पण ते स्वतः अपत्यवियोगातून गेलेले नव्हते आणि नेतृत्व पालकांकडे असावे हे तत्त्व त्या चार पालकांच्या वागण्यातूनच सिद्ध झाले.

प्रसार : अमेरिकेत पहिली शाखा फ्लॉरिडा राज्यात 1972 मध्ये पॉला व आर्नल्ड शॅमरीस या दांपत्याच्या पुढाकाराने निघाली. तेथे 1978 मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली आणि पुढे शाखांची संख्या शेकड्यांत गेली. ब्रिटिश व अमेरिकी संस्था आपापला कारभार स्वतंत्रपणे पाहतात. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सात वाजता मेणबत्त्या लावण्याचा उपक्रम अमेरिकेतील संस्थेने 1997 मध्ये सुरू केला. तो आता अनेक देशांत पाळला जातो.

शाखाप्रमुख व त्यांचे काम : शाखाप्रमुख होण्यासाठी पदवी लागत नाही, मात्र स्वतःच्या दुःखापासून काही काळाचे अंतर पडलेले असावे लागते. ताज्या शोकात असलेल्या व्यक्तीला हे काम दिले, तर बैठक तिच्याच दुःखाभोवती फिरू लागते. उलट फार वर्षे लोटलेल्या प्रमुखाला पहिल्या महिन्यांची घालमेल आठवेनाशी होण्याचा धोका असतो. चांगल्या शाखेत म्हणूनच जुने आणि अलीकडचे असे दोन्ही प्रकारचे पालक जबाबदारी वाटून घेतात. कोणी हिशेब पाहतो, कोणी पुस्तकांची पेटी सांभाळतो, कोणी वार्तापत्र काढतो, तर कोणी नव्याने आलेल्या फोनला उत्तर देतो.

बैठक साधारणपणे महिन्यातून एकदा, एखाद्या चर्चच्या वा ग्रंथालयाच्या खोलीत भरते. खुर्च्या वर्तुळात मांडलेल्या असतात. प्रत्येक जण आपले व मुलाचे नाव सांगतो. बोलायचे नसेल तर ‘आज नको’ म्हणून पुढच्याकडे पाहिले तरी चालते. प्रमुखाची कसोटी येथेच लागते. एखादे वडील नाव उच्चारून थांबले, तर ती शांतता भरून काढण्याची घाई तो करीत नाही. दुसरा कोणी ‘निदान तुम्हाला आणखी एक मूल तरी आहे’ असे म्हणाला, तर मात्र त्याला हळुवारपणे अडवितो, कारण हेच वाक्य त्या वडिलांनी बाहेर दहा जणांकडून ऐकलेले असते. सल्ला देणे, दुःखांची तुलना करणे, कोणाच्या श्रद्धेला हात घालणे टाळले जाते. मुलाचा वाढदिवस आणि मृत्यूची तारीख नोंदवून त्या सुमारास पालकांना आठवणीने दोन ओळी पाठविण्याची प्रथा अनेक शाखांत आहे. वरकरणी ही कारकुनी दिसते, पण वर्ष उलटल्यावर नातेवाईकही त्या मुलाचे नाव काढीनासे होतात, तेव्हा तिचे मोल कळते.

शाखाप्रमुख समुपदेशक नसतो. आत्महत्येचे विचार, व्यसन किंवा दीर्घकाळ अंथरूण न सोडणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांकडे पाठविणे हे त्याचे काम. हे भान सुटले की प्रमुख स्वतःच थकून जातो.

सैद्धांतिक चर्चा : फ्रँक रीसमन यांनी 1965 मध्ये असे मांडले की, मदत करणाऱ्यालाही मदतीचा लाभ होतो. थॉमसिना बोर्कमन यांनी 1976 मध्ये अनुभवातून आलेले ज्ञान व व्यावसायिक ज्ञान यांत भेद केला. शाखाप्रमुखाचा अधिकार या दुसऱ्या विवेचनाने अधिक नीट उलगडतो. अमेरिकी अभ्यासक डेनिस क्लास सेंट लुइस येथील शाखेचे सल्लागार होते. पालक मुलाशी असलेले नाते तोडत नाहीत, ते मनात नव्याने रचतात, असे त्यांना तेथे दिसले. शोक म्हणजे मृताकडून मन काढून घेणे, ही फ्रॉइड यांच्या 1917 च्या लेखनापासून रुळलेली समजूत त्यामुळे डळमळली. क्लास, सिल्व्हरमन व स्टीव्हन निकमन यांनी 1996 मध्ये नात्याच्या सातत्याचा हा विचार पुढे आणला. पितृपक्षात गेलेल्यांचे पान वाढणाऱ्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. मात्र लहान वयात गेलेल्या मुलाचे श्राद्ध करण्याची रूढी आपल्याकडे बहुधा नाही, त्यामुळे अशा पालकांच्या वाट्याला विधींचा हा आधारही फारसा येत नाही.

परिणामकारकता : कॉलिन मरी पार्क्स यांनी 1980 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. व्यावसायिक सेवा, तसेच व्यावसायिकांचे पाठबळ असलेले स्वयंसेवी व स्वमदतगट शोकातून उद्भवणाऱ्या मानसिक व मनोकायिक विकारांचा धोका कमी करू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातील ‘पाठबळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात याच स्वमदत तत्त्वावरचे काम इतर क्षेत्रांत दिसते. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे कुटुंबीयांचे गट किंवा पार्किन्सन्स मित्रमंडळ ही पुण्यातील उदाहरणे आजाराशी निगडित आहेत. त्यांतही गटाचा कणा रुग्ण, नातेवाईक व स्वयंसेवक हेच आहेत.