पंख्याची चूल

पंख्याची चूल : लाकूडफाटा, करवंट्या किंवा भुशाच्या दाबीव गोळ्यांवर चालणारी, उचलून नेण्याजोगी पत्र्याची चूल. बुडाशी किंवा बाजूला बसवलेला एक-दोन वॅटचा विजेचा पंखा जळणाला हवा पुरवतो. मातीच्या चुलीपुढे बसून फुंकणीने जे करावे लागते ते काम पंखा न थकता करतो, म्हणून ज्वाला तापते आणि धूर कमी होतो. पंख्याला वीज सेलमधून, भारित होणाऱ्या बॅटरीतून किंवा चुलीच्याच उष्णतेतून मिळते. भटकंतीसाठी आणि किनाऱ्यावरच्या मुक्कामासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान चुलींचाच येथे विचार केला आहे.

उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ही चूल म्हणजे मोटर जोडलेला लोहाराचा भाता. दुसरे मत तिला वायुजनक चुलींच्या घराण्यात बसवते. वायुजनक चुलीत जळण एकदाच ठासून भरतात आणि वरून पेटवतात. आगीचा थर हळूहळू खाली सरकतो, तापलेल्या लाकडातून निघालेला वायू वर येतो आणि तोंडाशी दुसऱ्यांदा मिळणाऱ्या हवेत जळतो. ही रचना अमेरिकेतील थॉमस रीड यांनी १९८५च्या सुमारास हाती घेतली असे सामान्यतः मानतात. त्याच दशकाच्या अखेरीस किंवा थोडे नंतर नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो युगांडात अशाच चुलीवर काम करीत होते आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती, असे दिसते. रीड व रोनल लार्सन यांचा १९९६चा निबंध मात्र पंख्याविना, हवेच्या नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या चुलीचा आहे. रीड यांची पंख्याची छावणी-चूल त्यानंतरची. अमेरिकेत ‘झिप’ किंवा ‘सिएरा’ नावाने विकली जाणारी एका पेन्सिल सेलवरची चूल निराळीच. तिच्या दुहेरी भिंतीच्या छिद्रांतून हवा आत येते आणि काटक्या एकेक करून वरून टाकत राहावे लागते. २०१२मध्ये बाजारात आलेली ‘बायोलाइट’ हिच्याच वळणाची. फरक एवढाच की तिच्या पंख्याची वीज सीबेक परिणामाने (दोन टोकांच्या तापमानातील फरकातून वीज होणे; १८२१) चुलीच्या उष्णतेतून निघते. दोन वंश वेगळे मानणेच प्रस्तुत नोंदकाराला सयुक्तिक वाटते, कारण चूल वापरणाऱ्याला एकीपुढे बसून राहावे लागते आणि दुसरी भरून ठेवता येते. भारतात या दुसऱ्या वंशाची घरगुती चूल ‘ऊर्जा’ या नावाने आली. ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून निघाली आणि तिला दाबीव गोळ्याच लागत. गोळ्या महागल्या तसा तिचा घरगुती वापर ओसरला.

कोकणात गोळ्यांची गरज पडत नाही. करवंटी जड, राख कमी धरणारी आणि उष्णतेला भक्कम; किलोमागे सुमारे २० मेगाज्यूल, तर हवेत वाळलेले लाकूड साधारण १५. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे करून डब्यात भरले, वर सोडणाचा (नारळाच्या तंतुमय सालीचा) काथ्या पसरून काडी लावली की पहिली दोन-तीन मिनिटे पिवळट धूर निघतो. मग वरच्या छिद्रांच्या कडेने ज्वालांची निळसर झालर धरते. ती विझून आत नुसते लाल निखारे दिसू लागले की वायू संपला असे समजावे. सुरूचे लाकूडही चांगले, मात्र ते फोडून पुरते वाळवावे लागते. काजूची टरफले टाळावीत. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. आगोटीच्या बेगमीत माळ्यावर टाकलेले जळणसुद्धा श्रावणापर्यंत दमट होते आणि ओल्या लाकडापुढे पंखाही हात टेकतो.

टिकाऊपणाचा प्रश्न किनाऱ्यावर वेगळा होतो. बहुतेक चांगल्या चुलींची आतली भिंत ३०४ जातीच्या स्टेनलेस पोलादाची असते (सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल). अखंड तापत्या कामाला ते साधारण ९२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते. तापणे-निवणे वरचेवर होणार असेल तर मर्यादा ८७०च्या आसपास येते, कारण प्रत्येक वेळी निवताना वरचा ऑक्साइडचा पापुद्रा सुटतो. छावणीतली चूल नेमकी अशीच वापरली जाते. त्यातच ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात पोलाद बराच वेळ राहिले की त्यातला कार्बन क्रोमियमला कणांच्या सीमांवर धरून बसतो आणि सीमेलगतचा भाग क्रोमियमवाचून उघडा पडतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड तेथेच लागते. म्हणून भिंतीचा मधला भाग चकचकीत असताना वेल्डिंगच्या शिवणीलगत तांबूस रेघ दिसू लागते. नारळाच्या सोडणात पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही भरपूर. त्यांची राख तापलेल्या भिंतीला चिकटून राहिली तर क्रोमियमचे संरक्षक आवरण आतूनही पोखरते. पेटवणीपुरते सोडण ठीक, रोजच्या जळणाला नव्हे. ३१६ जातीचे पोलाद समुद्राच्या हवेत सरस, पण ज्वालेपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. जस्ताच्या पत्र्याची स्वस्त चूल तर एखादा हंगाम काढते.

तरीही भिंतीआधी पंखाच जातो. सेलच्या खोबणीतल्या स्प्रिंगवर तांबेरा चढतो, तारेच्या टोकाला हिरवट बुरशीसारखी पूड जमते, बुशिंगमध्ये (मोटरचा दांडा फिरतो त्या कड्यात) वाळू शिरते आणि मोटर कुरकुरू लागते. आणखी एक चूक नेहमी होते : भात उतरला की पंखा बंद करतात. आत निखारे असतातच. वाहती हवा थांबल्यावर त्यांची धग खाली उतरते आणि प्लास्टिकची पाती वाकतात. निखारे विझेपर्यंत पंखा चालू ठेवावा. उष्णतेवर वीज करणाऱ्या चुलींतली बॅटरी पावसाळाभर पडून राहिली तर पुरती उतरते आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच मुक्कामात पंखा हलत नाही. भारतीय मानक १३१५२ (भाग १, २०१३) पंख्याच्या चुलीकडून किमान ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता मागते, पंख्याविनाच्या चुलीकडून २५. पंखा बंद पडला की पंख्याच्या चुलीला पंख्याविनाच्या चुलीइतकीही ओढ उरत नाही, कारण तिची छिद्रे झोताच्या हिशेबाने बारीक ठेवलेली असतात.

व्यवहारात दोघा-तिघांचा चहा, पेज किंवा पिठले यांना ती पुरते. मोठे पातेले तिच्यावर डुगडुगते, म्हणून वाळूत चिरा किंवा फळी घालून बैठक करावी. दुपारचे खारे वारे जोरात असताना झोत आणि वारा मिळून ठिणग्या उडवतात. सुरूच्या बनात खाली वाळक्या सुयांचा थर असतो, तेथे चूल पेटवू नये. राखीव वनात नियमांविरुद्ध आग पेटवणे १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हाच आहे. संध्याकाळी वारा पडल्यावर, मतलई वारे सुटण्याआधीचा तास रांधपाला सोयीचा. रायगडातल्या पोपटीसाठी मात्र ही चूल कामाची नाही : भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेले मडके उपडे ठेवून त्याच्या भोवतीने जाळ करावा लागतो आणि तो काटक्या-पाल्याचा मोकळाच हवा.