संयमी डावपेच (संगणकीय युद्धखेळ)

संगणकावरील युद्धखेळांत लवकर हल्ला करण्याचा मोह आवरून आधी अन्नधान्य, टेहळणी आणि बचाव भक्कम करायचा, प्रतिस्पर्ध्याला आपली ताकद खर्चू द्यायची आणि मगच निर्णायक चढाई करायची, अशी खेळण्याची पद्धत. आळीपाळीने चाली करायच्या खेळांत विचाराला वेळ मिळतो. पण स्टारक्राफ्ट (१९९८) किंवा एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) यांसारख्या खेळांत घड्याळ थांबत नाही, आणि तिथेच ही पद्धत खरी अवघड जाते.

नवशिक्याला संयम म्हणजे गप्प बसणे वाटते. तो समज आकड्यांनीच मोडतो. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये अन्न, लाकूड, सोने गोळा करणारा एक गावकरी ५० अन्न घेऊन २५ सेकंदांत तयार होतो. गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, म्हणजे टाउन सेंटर, एकच अखंड चालू ठेवली तर पाच मिनिटांत १२ गावकरी मिळतात. कॅसल एज या पुढच्या टप्प्यात अशी तीन चालवली तर ३६. उलट घाईने काढलेला एकेक नाइट (चिलखती घोडेस्वार) ६० अन्न आणि ७५ सोने घेतो, आणि ३५ अन्न व २५ लाकडांत तयार होणारे भालाईत घोळक्याने त्याला सहज पाडतात. म्हणून चांगला शिकवणारा आधी सैन्य पाहत नाही, रिकामे उभे असलेले गावकरी शोधतो. कोल्हापुरी बोलीत हा धडा एका वाक्यात बसतो : ‘आधी शेतं लाव की, मग घोडी काढ.’

कोल्हापूरच्या खेळाडूला समजावताना पन्हाळ्याचा वेढा हाताशी असतो. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरच्या या गडाला १६६० मध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला आणि शिवाजी महाराज मार्चपासून जुलैपर्यंत आत अडकले. इतके महिने गड तग धरू शकतो तो साठ्याच्या जोरावर. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याची कोठारे पाहिली की खेळातल्या शेतांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सिद्दीही चिवट होता. पावसाळ्यातही त्याने वेढा उठवला नाही. पण शरणागतीच्या बोलण्यांनी पहारा सैलावला आणि त्याच रात्री महाराज भर पावसात विशाळगडाकडे निसटले. महिनोन्‌महिने राखलेला संयम शेवटच्या रात्रीच्या ढिलाईने वाया जातो, हे या वेढ्यातले सर्वांत मोलाचे शिक्षण आहे. खेळात नेमके असेच घडते : तटबंदी पुरी झाली की खेळाडू टेहळ्या फिरवणे सोडतो, आणि नकाशाच्या धुक्याआड दडलेल्या, न दिसणाऱ्या भागातून हल्ला येतो.

सरावाचा उत्तम मार्ग म्हणजे हरलेला डाव रेकॉर्डिंगवरून पुन्हा पाहणे. हल्ला झाल्यावर घंटा वाजवून सगळे गावकरी इमारतींत कोंडले, की हल्ल्यापासून दूर असलेल्यांचे काम चालू ठेवले, हे तेव्हा स्पष्ट दिसते. चार घोडेस्वारांपायी सगळी शेते ओस पाडणे हा बचाव नव्हे. प्रतिस्पर्ध्याला तेवढेच हवे असते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. समोरचाही निवांत वाढत असेल तर थांबण्याचा फायदा त्यालाही तितकाच मिळतो, त्यामुळे छोट्या तुकडीने त्याचे लाकूडतोडे सतावत राहावे लागते. सोन्याच्या खाणी संपत जातात. लोकसंख्येची कमाल मर्यादा (बहुधा २००) गाठली की थांबून काहीच वाढत नाही. तेव्हा ट्रेबुशे (तटबंदी फोडणारे दगडफेकी यंत्र) बाहेर काढावीच लागते, आणि ती जागेवर उभारल्याशिवाय मारा करत नसल्याने तिच्याभोवती पुरेसे सैन्य ठेवावे लागते.