तोंडबंदीचे शंभर पौंड

१९ जून १८२० रोजी लंडनच्या जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला शंभर पौंड मिळाले. बदल्यात त्याने लिहून दिले की महाराजांना कोणत्याही अनैतिक प्रसंगात दाखवणारे चित्र आपण काढणार नाही. महाराज म्हणजे चौथा जॉर्ज, गादीवर येऊन जेमतेम पाच महिने झालेला. या अटीतली शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. नैतिक प्रसंगात त्याची टर उडवायला अर्थातच मोकळीक होती, पण असे प्रसंग शोधायचे कुठे?

हाताशी पोलीस, वकील आणि तुरुंग असताना राजाने चित्रकाराला पैसे का मोजावेत, हे समजायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. छापण्याआधी परवानगी घेण्याचा इंग्लंडमधला कायदा १६९५ मध्ये मुदत संपून गेला, तो पुन्हा आलाच नाही. बदनामीचा खटला भरता येत असे, पण चित्रावर खटला म्हणजे मोठी पंचाईत. चित्रातला जाड्या माणूस राजपुत्रच आहे, आणि त्याच्या मागे दिसते ते अमुकच आहे, हे सरकारी वकिलाला भर कोर्टात उलगडून सांगावे लागणार. चित्रे विकणाऱ्या दुकानाच्या काचेपाशी जेवढे हसू झाले त्याच्या दसपट कोर्टात झाले असते. शिवाय १७३५ मध्ये विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या खटपटीने कोरीव चित्रांना चौदा वर्षांचा स्वामित्वहक्क मिळाला होता. त्यासाठी चित्राच्या तळाशी प्रकाशकाचे नाव आणि तारीख घालावी लागे. म्हणून आज ही चित्रे दिवसागणिक लावता येतात.

धंद्याची रीत साधी होती. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओढायचे, मग आम्लात बुडवायचे. जिथे तांबे उघडे पडले तिथे रेघ खाल्ली जाते. छाप उलटा उमटतो, त्यामुळे अक्षरे उलटी लिहिण्याचा हात बसलेला असावा लागे. रंग मात्र एकेका प्रतीवर हाताने भरत. रंगीत प्रतीला शिलिंग-दोन शिलिंग पडत, म्हणजे गिऱ्हाईक खात्यापित्या घरचे. बाकीच्यांना दुकानाच्या काचेतून फुकट बघता येई. एका संध्याकाळपुरता चित्रांचा अख्खा गठ्ठा भाड्याने नेण्याचीही सोय होती. पाहुणे जेवायला आले की करमणूक तयार.

या दुकानांत हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानाचा दबदबा मोठा. त्यांच्याच वरच्या मजल्यावर जेम्स गिलरे राहायचा आणि कोरायचा. १७९७ पासून हे दुकान सेंट जेम्स स्ट्रीटवर होते. रस्त्याच्या टोकाला राजवाडा, आजूबाजूला उमरावांचे क्लब. ज्यांची थट्टा व्हायची ते जाता-येता काचेत स्वतःला बघत असणार.

गिलरेने जुलै १७९२ मध्ये काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवून बघावीत. पहिल्यात युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, जेवून खुर्चीत रेललेला. पोटावरच्या कोटाची गुंडी कशीबशी तग धरून आहे, आणि स्वारी काट्याने दात कोरते आहे. मागे न चुकवलेल्या बिलांचा गठ्ठा, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवलेले मूत्रपात्र. बाजूला गुप्तरोगावरची औषधे. दुसऱ्या चित्रात त्याचे आईवडील. तिसरा जॉर्ज ठिगळ लावलेल्या तुमानीत उकडलेले अंडे खातो आहे, राणी शार्लट तोंडात पालेभाजी कोंबते आहे, भिंतीवरच्या चौकटींत चित्रेच नाहीत. देशातले सर्वांत श्रीमंत घर आणि शेगडी थंड.

ही अतिशयोक्ती खरी, पण हवेतली नव्हे. १७८७ मध्ये संसदेने युवराजाची कर्जे फेडायला १,६१,००० पौंड दिले होते, आणि १७९५ पर्यंत कर्ज पुन्हा सहा लाखांच्या वर गेले. बापाची काटकसर आणि शेतीचा नाद तर इतका गाजला की लोक त्याला ‘शेतकरी जॉर्ज’ म्हणत. माझ्या मते दोघांत बापाचे चित्र जास्त झोंबणारे आहे. उधळ्या पोराला लोक हसून सोडून देतात. कवडीचुंबक राजाला नाही.

त्याच उन्हाळ्यातले आणखी एक चित्र आहे. मंद नजरेचा राजा जळत आलेल्या मेणबत्तीच्या तुकड्याच्या उजेडात एक छोटे व्यक्तिचित्र डोळ्यांशी धरून बघतो आहे. ते आहे ऑलिव्हर क्रॉमवेलचे, ज्याच्या बाजूने १६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचे मुंडके उडवले. चित्र आले जूनमध्ये. ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये राजसत्ता कोसळली आणि जानेवारीत सोळावा लुई गिलोटिनखाली गेला.

त्यानंतर हवा बदलली. फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि कंजूष म्हातारा हळूहळू घरचा कर्ता पुरुष झाला. १८०३ च्या गिलरेच्या चित्रात तो राक्षसी आकाराचा आहे आणि तळहातावर उभ्या टीचभर नेपोलियनला दुर्बिणीतून न्याहाळतो आहे. मात्र सगळेच सरळ झाले नव्हते. १७९८ मध्ये रिचर्ड न्यूटन या विशी-एकविशीच्या पोराने दाखवले की सामान्य इंग्रज माणूस राजाच्या चित्राकडे पाठ करून वारा सोडतो आहे आणि पंतप्रधान पिट ‘राजद्रोह!’ म्हणून ओरडतो आहे.

खुद्द गिलरेवर बालंट आले ते १७९६ मध्ये, आणि तेही राजाच्या बदनामीचे नव्हे, ईश्वरनिंदेचे. युवराजाच्या नवजात मुलीच्या दर्शनाला आलेले विरोधी पुढारी त्याने बायबलातल्या ज्ञानी पुरुषांच्या थाटात रंगवले होते. ते प्रकरण पुढे गेले नाही. उलट १७९७ पासून त्याला सरकारकडून गुपचूप वर्षाला दोनशे पौंड मिळू लागले, आणि त्याची सुई विरोधकांकडे जास्त वळली.

म्हणजे १८२० चे शंभर पौंड ही काही नवी कल्पना नव्हती. सरकारने दुसरा मार्गही चाखून पाहिला होता. १८१७ च्या डिसेंबरात विल्यम होन या प्रकाशकावर विडंबनांसाठी एकापाठोपाठ तीन खटले झाले. होनने स्वतःच बाजू मांडली, कोर्टात हशा पिकला आणि तिन्ही वेळा तो निर्दोष सुटला. पुढे १८२० मध्ये राजाने परागंदा राणी कॅरोलाइनवर व्यभिचाराचा ठपका ठेवून घटस्फोटाचे विधेयक आणवले, तेव्हा चित्रांचा पूर आला. दरबाराने तांब्याचे कोरीव पत्रे आणि छापील प्रती विकत घेऊन दडपायचा सपाटा लावला. क्रुकशँकने पैसे घेतले, आणि दोनच महिन्यांनी होनच्या पुस्तिकेसाठी राजाच्या संसाराची चौदा पायऱ्यांची शिडी काढली. एका पायरीवर महाराज दारूने झिंगलेले. पुस्तिकेसोबत पुठ्ठ्याची खेळण्यातली शिडीही मिळे. नोव्हेंबरात विधेयक गुंडाळावे लागले.

व्हिक्टोरियाच्या काळात सुईची धार गेली. १८४१ मध्ये निघालेले ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक घरातल्या बायकामुलांसमोर ठेवता येईल असेच छापायचे. एप्रिल १८७६ मध्ये त्यात टेनियल या चित्रकाराने पंतप्रधान डिझरेलीला अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला फेरीवाला केले: जुना मुकुट द्या, नवा घ्या, आणि नवा मुकुट होता हिंदुस्थानचा. चिमटा प्रधानाला, राणी निव्वळ गिऱ्हाईक. मुंबईत ‘पंच’च्या धर्तीवर ‘पारसी पंच’ १८५४ मध्येच निघाले होते. पण इथल्या दंडसंहितेत १८७० मध्ये घातलेल्या राजद्रोहाच्या कलमात शब्द आणि खुणा यांच्याबरोबर दृश्य चित्रणही मुद्दाम लिहून ठेवलेले होते.

राजघराण्याने शंभरेक वर्षांत जमवलेली व्यंगचित्रे विंडसरच्या किल्ल्यात साठत गेली. त्यांतली सुमारे दहा हजार १९२१ मध्ये विकली गेली. ती घेतली वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने, म्हणजे ज्या देशाने तिसऱ्या जॉर्जची सत्ता झुगारली त्याच्याच संसदेच्या ग्रंथालयाने.