फुलाचा फोटो खालूनही काढा

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात फ्रीमॉन्टला आपली किती मराठी मंडळी राहतात, आणि त्याच गावाच्या वॉर्म स्प्रिंग्ज भागात, डॉन एडवर्ड्स अभयारण्याच्या राखीव जमिनीत, एक अतिशय दुर्मिळ रानफूल उगवतं हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. काँट्रा कोस्टा गोल्डफील्ड्स, शास्त्रीय नाव लास्थेनिया काँज्युजेन्स. जगात फक्त कॅलिफोर्नियात सापडतं आणि 1997 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे.

जागा कशी, तर कोकणातला सडा आठवा, पावसात त्यावर उथळ डबकी साचतात ना तसंच, फक्त तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि खाली कातळाऐवजी घट्ट चिकणमाती असते त्यामुळे पाणी मुरत नाही, नुसतं उन्हाने आटत जातं. पाणी उडून गेलं तरी क्षार मागेच राहतात, म्हणून अशी बरीच डबकी खारवट असतात. खाऱ्या मातीतून पाणी ओढून घेणं बहुतेक झाडांना जमत नाही. हे रोप पावसाने क्षार पातळ झालेले असतात तेव्हाच रुजून वाढतं, मार्च ते जूनमध्ये फुलतं, आणि जमीन कडक व्हायच्या आत बी टाकून मोकळं होतं.

आता ओळखायचं कसं, खरी मेख इथेच आहे. वीतभर रोप, समोरासमोर पानं, शेवंतीच्या कुळातलं पिवळंजर्द फूल, पण वरून बघाल तर याच्या बहिणी, म्हणजे इतर गोल्डफील्ड्स जाती, पण अगदी अशाच दिसतात! म्हणून फूल खालून बघायचं. पाकळ्यांखाली जी हिरवी छदं, म्हणजे इवल्या पानांसारखे भाग, असतात ती फ्रेमॉन्ट्स गोल्डफील्ड्स या बहिणीत सुटी सुटी असतात, ह्याच्यात मात्र बुडाकडे एकमेकांना चिकटून छोटीशी वाटी झालेली असते, छदाच्या लांबीच्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत. काँज्युजेन्स म्हणजे जोडणारं, नावातच खूण दिलीय. दुसरी खूण बियांची, फ्रेमॉन्टच्या बीला डोक्यावर बारीक केस असतात, ह्याचं बी एकदम बोडकं, आणि दीड मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे भिंग हवंच.

लोक नेटवर फोटो टाकतात तो नेहमी वरून काढलेला, मग कोणाला छातीठोक सांगता येत नाही हो. प्लीज एक फोटो बाजूने आणि एक खालून काढत जा, फूल तोडू नका, आणि कुंपणाच्या आत पाय ठेवू नका, डबक्याच्या मातीत पुढच्या हंगामाचं बी पडलेलं असतं.

गंमत म्हणजे वॉर्म स्प्रिंग्जला या फुलासाठी मुद्दाम गुरं चरायला सोडतात. गुरं म्हटली की आपल्याला वाटतं झालं, सगळं संपवणार, पण बाहेरून आलेलं उंच विलायती गवत वाढलं की वीतभर रोपाला ऊनच मिळत नाही, गुरं ते गवत खातात आणि जमीन परत उघडी होते.