रात्रीतून बसणारी गाडी

जानेवारीतली सकाळ. प्रतापनगरच्या आमच्या गल्लीत शेजारच्या दादांची एसयूव्ही मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली. टायरमध्ये हवा पुरेशी, पण मडगार्ड टायरला टेकायच्या बेतात. इंजिन सुरू करताच हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला आणि गाडी हळूहळू सरळ झाली. दादा म्हणाले, ‘‘थंडीनं होत असेल.’’

थंडीचा हात असतो, पण किती? दादांच्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे; अशा गाड्यांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेनं भरलेली रबरी एअर बॅग असते. नागपुरात दुपारी २८ अंश, पहाटे १२, म्हणजे केल्व्हिनमध्ये ३०१ वरून २८५. साधारण ५ टक्के घट. गाडीचं वजन तेच, म्हणून बॅगेतला दाब जवळपास तोच राहतो आणि हवा तेवढ्या प्रमाणात आक्रसते. २० सेंटीमीटर उंचीच्या हवेत हा फरक १ सेंटीमीटरचा, आणि तोही चारही कोपऱ्यांवर. एकच कोपरा चार बोटं खाली गेला, तर हवा कुठून तरी निसटते आहे.

रात्री आम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजलं आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला. काही गाड्या उभ्या असतानाही स्वतःला सारखं करून घेतात; तसं झालं तर गळका कोपरा लपतो. सकाळी तोच कोपरा ६ सेंटीमीटर खाली होता. फ्यूज बसवून गाडी पूर्ण उचलली, कारण रबर जिथे दुमडतं तिथली चीर खालच्या उंचीवर घडीतच दबलेली असते. साबणाचं पाणी फवारलं. घडीच्या रेषेवर मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक, थांबेचनात. (हे बाजूनं, चाकाच्या फटीतून बघायचं. फक्त हवेवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. गाडी पेलणारी घोडी लावल्याशिवाय नाहीच.)

बुडबुडे दिसले नसते, तर पाइपांचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे कोणत्या बॅगेत हवा जाईल ते ठरवणारा भाग, तपासले असते.

एका गॅरेजनं आधी कॉम्प्रेसरच बदलायला सांगितलं होतं. मला हे अगदी चुकीचं वाटतं. तो थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेला असतो. गळती भरून काढता काढता तापतो आणि जळतो. नवा बसवला तरी त्याचीही तीच गत. शिवाय त्याच्याजवळच्या ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. गाडी खाली घेताना बाहेर पडणारी कोरडी हवा त्यांच्यातूनच जाते आणि त्यांना पुन्हा सुकवते. हवा चिरेतून गेली, की दाणे ओलेच राहतात आणि ते पाणी पुढे व्हॉल्व्हपर्यंत पोचतं.

दादांनी बॅगेबरोबर ड्रायरही बदलून घेतला.