ट्रेला खत द्यायचं का? कोबीवर्गीय मायक्रोग्रीनच्या वादाची पार्श्वभूमी

मायक्रोग्रीन म्हणजे ट्रेमध्ये वाढवून आठ-दहा दिवसांत कापून खायची कोवळी रोपं. मोहरी, मुळा, कोबी यांच्या अशा रोपांना खत द्यावं की बिनखताचीच बरी, हा वाद आहे. मोहरीतलं तिखट द्रव्य एकोणिसाव्या शतकातच ओळखलं गेलं होतं. पण बाळंतिणीला मोहरीच्याच कुळातल्या हळिवाची खीर करून घालणाऱ्या घरांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. चर्चेला तोंड फुटलं ते १९९२ साली, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे तसंच गंधकयुक्त द्रव्य हाती लागल्यावर. १९९७ मध्ये तर तीन दिवसांच्या मोडांत ते ज्यापासून तयार होतं ते मूळ द्रव्य वाढलेल्या गड्ड्यापेक्षा १० ते १०० पट निघालं आणि कोवळ्या पानांना भाव आला.

खताची गोष्ट मराठवाड्याला वेगळ्या दारातून माहीत आहे. अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट वापरात होतं तोवर पिकाला गंधक न मागता मिळायचं. पुढे युरिया आणि डीएपीची सवय लागली. या दोन्हींत गंधक नाही. सोयाबीन पसरल्यावर गंधकाची वेगळी पिशवी आणून टाकायची वेळ आली. तेलबियांना गंधक लागतं हे लातूरकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मोहरी, मुळा, कोबी यांची भूक त्याहून मोठी, कारण त्यांचा तिखटपणा ज्यापासून तयार होतो त्या मूळ द्रव्याच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे किमान दोन अणू बसलेले असतात.

आता ‘बिनखताचे मायक्रोग्रीन’ या शब्दाकडे येऊ, कारण भांडण सगळं तिथेच आहे. गच्चीवर ट्रे लावणारे बहुतेक जण हे अभिमानाने सांगतात. पण खत म्हणजे नेमकं काय? कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, गांडूळखत मिसळलं तर ते खतच. बोअरचं पाणी घातलं तर त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडंफार सल्फेट जातं; शेतीपट्ट्यातलं पाणी असेल तर नायट्रेटही. आरओचं पाणी घालणारा आणि बोअरचं घालणारा, दोघेही स्वतःला बिनखतवाले म्हणवतात. उलट बाजूला ठिबकवाल्यांची सवय: जरा पिवळं दिसलं की एकोणीस-एकोणीस या पाण्यात विरघळणाऱ्या खताची चिमूट. त्यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखे, पण गंधक नाही. म्हणजे पान फुगतं, हिरवंगार होतं, वजन भरतं. तिखटपणा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. गंधकाविना नुसतं नत्र वाढवलं तर तो पातळ होतो आणि पानात नायट्रेट साठतं. द्यायचंच असेल तर सोबत गंधक असलेलं सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे शून्य-शून्य-पन्नास, अगदी हलक्या हाताने. हे मी तरी कुणाला करताना फारसं पाहिलं नाही.

अलीकडच्या प्रयोगांतून दिसणारं चित्र एका बाजूचं नाही. खत दिलेल्या ट्रेचं उत्पादन जास्त येतं. उपाशी ठेवलेल्या रोपांत पॉलिफेनॉल आणि जांभळे रंगद्रव्य वाढलेलं बऱ्याचदा आढळतं. लाल कोबीची देठं अशा वेळी गडद होतात, ते डोळ्यांनाही दिसतं. पण पॉलिफेनॉल वेगळं आणि मोहरीचा झणका वेगळा. जाहिरातीत दोघांना ‘अँटिऑक्सिडंट’ या एकाच पोत्यात भरतात.

आणि मुळात आठ-दहा दिवसांत खताला वेळ तरी किती मिळतो? आठव्या दिवशीचं मोहरीचं पान चावून पाहा. क्षणभर काहीच नाही, मग एकदम नाकात. पानातलं विकर (एन्झाइम) आणि तिखटाचं मूळ द्रव्य वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, दाताखाली एकत्र येतात. ते मूळ द्रव्य बऱ्याच अंशी बियाण्याबरोबरच आलेलं असतं. रोप वाढेल तसं ते विरळ होत जातं. म्हणून जात कोणती आणि बी कोणत्या शेतातलं, याला ट्रेमधल्या चिमटीपेक्षा जास्त वजन आहे. मातृपिकाला गंधक भरपूर मिळालं असेल तर बियातच ते द्रव्य जास्त उतरतं. आपल्याकडे मोहरी येते किराणा दुकानातल्या पोत्यातून, फोडणीसाठी आणलेली. तिच्या शेताला काय घातलं होतं, हे दुकानदारालाही माहीत नसतं.